गोगलगाय सांगेल मातीचे दुखणे

लोणावळा : जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की मावळातील बांधांवर, विहिरींच्या कठड्यांवर आणि बंगल्यांच्या शेवाळलेल्या भिंतींवर गोगलगायी दिसू लागतात. भुशी धरणाकडे निघालेला पर्यटक त्यांना चुकवून पाय टाकतो. परसबागेची निगा राखणारी गृहिणी मीठ घेऊन त्यांच्या मागे लागते आणि रोपवाटिकेचा मालक त्यांना वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो. उपद्रवी म्हणून हिणवल्या गेलेल्या या प्राण्याकडे युरोपातील शास्त्रज्ञांनी मात्र गेल्या पन्नास वर्षांत एक जबाबदारीचे काम सोपविले आहे. एखाद्या ठिकाणची माती विषारी झाली आहे का आणि ते विष सजीवांच्या अंगात कितपत उतरते, हे गोगलगायीकडून जाणून घेतले जाते. या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे 'आयएसओ'ने, प्रमाणित पद्धतीही ठरवून दिल्या आहेत.

घाटमाथ्यावरचा प्रचंड पाऊस, द्रुतगती मार्गावरची वाहतूक, तळेगावची औद्योगिक वसाहत, गुलाबाची हरितगृहे आणि इंद्रायणी तांदळाची खाचरे हे सारे एकाच तालुक्यात नांदत असलेल्या मावळाच्या दृष्टीने ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

पोटात पाय, मातीत जीव

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून पक्क्या माणसासाठी वापरली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय मृदुकाय संघातील 'उदरपाद' वर्गात मोडते. तिच्या शरीराचा खालचा संपूर्ण स्नायुमय भाग हाच तिचा पाय असतो. हा ओलसर, चिकट पाय जमिनीला टेकवूनच ती आयुष्य काढते आणि प्रदूषणाच्या अभ्यासात तिला महत्त्व आले ते नेमके याच सवयीमुळे.

मातीतील विष गोगलगायीच्या शरीरात तीन वाटांनी शिरते. पहिली वाट अन्नाची. ती पाने, कुजलेला पालापाचोळा, शेवाळ आणि दगडफूल खाते, शिवाय थोडी मातीही खाते. दुसरी वाट त्वचेची. पायाच्या ओल्या त्वचेतून मातीच्या ओलाव्यात विरघळलेली द्रव्ये आत जातात. तिसरी वाट श्वासाची. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींना कल्ले नसतात. शंखाच्या कडेजवळील एका छिद्रातून त्या हवा आत घेतात आणि त्या हवेबरोबर धूळ व वायूही आत जातात. माती, वनस्पती आणि हवा या तिन्हींतील प्रदूषणाची नोंद एकाच प्राण्याच्या अंगात होते ती अशी.

तिची संथ गतीही येथे उपयोगी पडते. पक्षी आज येथे तर उद्या दहा कोसांवर असतो. त्याच्या अंगात सापडलेले शिसे कोठले, हे सांगणे अवघड असते. गोगलगाय मात्र बहुधा काही मीटरच्या परिघातच वावरते. त्यामुळे तिच्या शरीरात जे सापडते ते त्याच बांधावरचे, त्याच रस्त्याकडेचे असते. ती सहज दिसते, हाताने वेचता येते आणि तिला पकडण्यासाठी जाळी किंवा सापळे लागत नाहीत.

आकडा एक, परिणाम वेगळे

मातीचे प्रदूषण मोजण्याची रूढ पद्धत रासायनिक आहे. मातीचा नमुना वाळवायचा, तीव्र आम्लात विरघळवायचा आणि उपकरणाच्या साह्याने त्यातील कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त आदींचे प्रमाण काढायचे. एक किलो मातीत किती मिलिग्रॅम धातू आहे, याचा आकडा त्यातून मिळतो. तो आवश्यक असला तरी पुरेसा नसतो.

समजा, दोन शेतांतील मातीत कॅडमियमचे प्रमाण अगदी सारखे आहे. एका शेतातील माती चुनखडीयुक्त आणि सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध आहे, दुसऱ्या शेतातील माती आम्लधर्मी आणि हलकी आहे. पहिल्या मातीत कॅडमियमचा बराचसा भाग मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहील. दुसऱ्या मातीत तो पाण्यात सुटा होऊन मुळांत आणि किड्यामुंग्यांच्या अंगात शिरेल. आम्लात विरघळवून मोजताना मात्र दोन्हीकडे एकच आकडा येईल. मातीत असलेल्या विषापैकी जो भाग सजीवाला प्रत्यक्ष शोषता येतो त्याला 'जैव उपलब्धता' म्हणतात. ती ठरविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्या मातीत एखादा सजीव ठेवून पाहणे.

मातीत अनेक प्रदूषके एकत्र असतात, हा आणखी एक मुद्दा. प्रत्येक धातू, प्रत्येक कीटकनाशक स्वतंत्रपणे मर्यादेत असले तरी त्यांचा एकत्रित परिणाम काय होतो, हे वेगवेगळे आकडे सांगू शकत नाहीत. सजीवाला मात्र ते सारे एकदमच सोसावे लागते.

अठ्ठावीस दिवसांची परीक्षा

या अभ्यासाची पायाभरणी १९७० च्या दशकात झाली. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथ येथे जस्त व शिसे गाळण्याचा मोठा कारखाना होता. त्या परिसरातील गोगलगायींच्या शरीरात कॅडमियम, शिसे आणि जस्त कोठे व किती साठते, याचा अभ्यास तेथील संशोधकांनी त्या दशकात केला. पुढे फ्रान्समधील बेझांसों येथील विद्यापीठात या विषयावर दीर्घकाळ काम झाले. फ्रान्समध्ये गोगलगाय हे आवडीचे खाद्य असल्याने तिची रीतसर पैदास करणारी केंद्रे आहेत. परिणामी, एकाच वयाच्या आणि एकाच वजनाच्या गोगलगायी हव्या तेव्हा उपलब्ध होतात. विषारीपणाच्या कोणत्याही चाचणीसाठी ही पहिली अट असते.

'आयएसओ'ने २००६ मध्ये १५९५२ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले आणि नंतर २०११ व २०१८ मध्ये त्यात सुधारणा केल्या. युरोपातील बागांमध्ये सर्रास आढळणारी तपकिरी गोगलगाय या चाचणीत वापरली जाते. तिचे शास्त्रीय नाव कॉर्नू ॲस्पर्सम, जुन्या ग्रंथांत ती हेलिक्स ॲस्पर्सा या नावाने आढळते. चाचणीसाठी तीन ते पाच आठवडे वयाची, साधारण एक ग्रॅम वजनाची पिल्ले घेतात. झाकण असलेल्या डब्यांत तपासायची माती ओलसर करून पसरतात, काही डब्यांत तुलनेसाठी स्वच्छ माती ठेवतात. तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. पिल्लांना दिले जाणारे खाद्य स्वच्छ असते, म्हणजे परिणाम दिसला तर तो मातीमुळेच झाला, असे म्हणता येते.

चाचणी २८ दिवस चालते. या काळात पिल्लांचे वजन आणि शंखाचा व्यास ठरावीक अंतराने मोजतात. निरोगी मातीत पिल्ले झपाट्याने वाढतात, विषारी मातीत वाढ खुंटते. एकाच मातीत स्वच्छ माती वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून अनेक पातळ्यांवर चाचणी घेतली की, किती प्रमाणाला वाढ निम्म्यावर येते, हे काढता येते. हा 'निम्म्या परिणामाचा' आकडा विषारीपणाची तुलना करताना मुख्य आधार मानला जातो.

प्राणी मरेपर्यंत वाट पाहण्याची येथे गरज नसते. मृत्यू ही विषबाधेची शेवटची पायरी असते. भूक मंदावणे, वाढ खुंटणे, अंडी न उबणे या आधीच्या पायऱ्या होत. कित्येकदा विष अंगात शिरताच गोगलगाय शंखात आक्रसून बसते आणि खाणेच थांबविते. या वागणुकीचीही नोंद घेतली जाते.

बांधावरचा पिंजरा

प्रयोगशाळेतील डबा आणि उघडे रान यांत फरक असतो. पाऊस, ऊन, वारा, धूळ आणि त्या जागेवरच्या वनस्पती डब्यात आणता येत नाहीत. यासाठी दुसरी पद्धत वापरली जाते. पैदास केंद्रातील, प्रदूषणाचा स्पर्श न झालेल्या गोगलगायी जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा प्रत्यक्ष त्या जागेवर मातीत रोवतात. गोगलगायी तेथलीच माती व तेथलाच पाला खातात आणि तेथलीच हवा घेतात. काही आठवड्यांनी त्यांना परत आणून त्यांच्या शरीरात कोणती द्रव्ये किती साठली, हे मोजले जाते. या पद्धतीसाठी 'आयएसओ'ने २०२१ मध्ये २४०३२ क्रमांकाचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

मोजणीपूर्वी गोगलगायींना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. पोटातील माती बाहेर पडली नाही तर तीही शरीरातील साठा म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. त्यानंतर पायाचा भाग आणि आतड्यांकडील भाग वेगळे करून तपासतात. पिंजरा ठेवण्यापूर्वीचे आणि नंतरचे प्रमाण यांची तुलना केली की, त्या जागेवरून सजीवात किती विष सरकले, याचे उत्तर मिळते.

विष कोठे साठते?

गोगलगायीच्या शंखाच्या वरच्या वेटोळ्यांत एक मोठी तपकिरी ग्रंथी असते. यकृत आणि स्वादुपिंड या दोहोंची कामे ती एकटीच करते. कॅडमियमचा मोठा साठा याच ग्रंथीत सापडतो. तेथे 'मेटॅलोथायोनिन' नावाची प्रथिने कॅडमियमला घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे गोगलगाय लगेच मरत नाही, पण विष तिच्या अंगात वर्षानुवर्षे राहते. कॅडमियम आणि तांबे या दोन धातूंसाठी गोगलगायीच्या शरीरात या प्रथिनांचे वेगवेगळे प्रकार असतात, हे ऑस्ट्रियातील राइनहार्ड डालिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले.

तांब्यासाठी वेगळी व्यवस्था असण्याचे कारण आहे. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करते. गोगलगायीच्या रक्तात ते काम तांबेयुक्त हिमोसायनिन करते आणि म्हणूनच तिच्या रक्ताला निळसर छटा असते. तांबे तिच्यासाठी आवश्यक असते, मात्र त्याचे प्रमाण वाढले की तेच तिच्यासाठी जहाल विष ठरते. ताम्रयुक्त बुरशीनाशकांची फवारणी झालेल्या बागांत गोगलगायी कमी होतात त्याचे कारण हेच.

शंखाची कथा आणखी निराळी आहे. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो घडविण्यासाठी गोगलगाय मातीतून कॅल्शियम गोळा करीत असते. रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमसारखे वागणारे पदार्थही त्याबरोबर शंखात जाऊन बसतात. १९८६ मधील चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर त्या परिसरातील गोगलगायींच्या शंखांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम आढळले आणि शंख त्याचे सूचक म्हणून वापरता येतात, असे संशोधकांनी नोंदविले. स्पेनमधील पालोमारेस गावाजवळ १९६६ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बवाहू विमानाला अपघात होऊन अण्वस्त्रांतील प्लुटोनियम जमिनीवर विखुरले होते. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, तेथील गोगलगायींत किरणोत्साराचे वाढीव प्रमाण आढळल्याने जमिनीखाली अजून प्लुटोनियम असल्याच्या शंकेला बळ मिळाले.

कीटकनाशकांचे परिणाम वेगळ्या पद्धतीने शोधावे लागतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील 'ॲसिटिलकोलिनेस्टरेज' या विकराचे काम रोखतात. त्यामुळे गोगलगायीच्या शरीरातील या विकराची क्रियाशीलता घटलेली दिसली की, फवारणीचा परिणाम तेथवर पोहोचल्याचा संकेत मिळतो. पेशींतील आनुवंशिक द्रव्याला झालेली इजाही आता मोजता येते.

मावळची माती, मावळचे प्रश्न

मावळाला हे सारे लागू करायचे तर आधी तेथील मातीचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागेल. सह्याद्रीचा हा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसाल्टमध्ये तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम ही मूलद्रव्ये निसर्गतःच अधिक असतात. त्यामुळे मावळातील मातीत तांबे जास्त आढळले म्हणून ते प्रदूषणच, असा निष्कर्ष काढता येत नाही. खडकातले तांबे कोणते आणि ब्रेकच्या घर्षणातून अथवा बुरशीनाशकातून आलेले कोणते, हे एकट्या आकड्यावरून उमगत नाही. खडकाच्या कणांत अडकलेले तांबे सजीवांना सहसा मिळत नाही, नव्याने मातीत पडलेले तांबे तुलनेने सहज मिळते. रासायनिक तपासणीला जैविक तपासणीची जोड देण्याची गरज येथे अधिक ठळक होते.

पाऊस हा दुसरा घटक. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेकडे तळेगावच्या दिशेने तो झपाट्याने कमी होतो. घाटमाथ्यावर इतका पाऊस पडला की मातीतील कॅल्शियम धुऊन जाते आणि माती आम्लधर्मी बनते. अशा मातीत धातू सुटे होण्याची शक्यता वाढते. शिवाय, कॅल्शियमच कमी असल्याने गोगलगायीला शंख घडविणे मुळात कठीण जाते. म्हणून खंडाळ्याच्या गोगलगायीची तुलना वडगावच्या गोगलगायीशी करताना पावसाचा आणि मातीचा फरक वजा करावा लागेल.

प्रदूषणाच्या वाटाही एकापेक्षा अधिक आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याआधीपासूनच जुना महामार्ग याच खोऱ्यातून जात होता. देशभरात शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून लागू झाले. तथापि शिसे मातीतून सहजासहजी निघून जात नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेला साचलेले शिसे पुढील अनेक दशके टिकून राहू शकते. आजच्या वाहनांतून शिसे पडत नसले तरी टायरच्या झिजेतून जस्त आणि ब्रेकच्या घर्षणातून तांबे पडतच असते. घाटात ब्रेक अधिक लावावे लागतात, हे वेगळे सांगायला नको.

शेतीकडून येणारी वाट वेगळी आहे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने विकसित केलेला आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेला 'इंद्रायणी' हा वाण या तालुक्याची ओळख बनला. भातखाचरांच्या जोडीला तळेगाव परिसरात फुलशेतीची हरितगृहे उभी राहिली. निर्यातीच्या गुलाबावर डाग चालत नाही, म्हणून बुरशीनाशके आणि कीटकनाशके यांचा वापर या शेतीत अपरिहार्य ठरतो. स्फुरदयुक्त रासायनिक खतांबरोबर कॅडमियमचा अत्यल्प अंश मातीत येतो आणि वर्षानुवर्षे साचत जातो. उघड्यावर जाळला जाणारा प्लॅस्टिकचा कचरा ही याशिवायची भर होय.

या मातीवरून वाहणारे पाणी शेवटी नद्यांना मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि देहू-आळंदीकडे जाते. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. मावळच्या मातीचे आरोग्य हा केवळ मावळच्या शेतकऱ्याचा प्रश्न नाही, तो खालच्या शहरांचाही आहे.

काजव्यांचे अन्न

गोगलगायीच्या अंगातील विष तिच्यापुरते राहत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर राजमाचीच्या रानात काजवे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून गर्दी होते. झाडे उजळून टाकणाऱ्या या काजव्यांनी आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात मातीत काढलेला असतो आणि गोगलगायी हे या अळ्यांचे महत्त्वाचे अन्न आहे. अळी गोगलगायीला दंश करून बधिर करते आणि मग खाते. भारद्वाजासारखे पक्षीही गोगलगायींवर ताव मारतात. मातीतील कॅडमियम गोगलगायीच्या ग्रंथीत एकवटते आणि तिला खाणाऱ्याला ते एकवटलेल्या स्वरूपातच मिळते.

गोगलगायी नाहीशा झाल्या तर काय होते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये पाहायला मिळाले. आम्लवर्षावामुळे तेथील काही जंगलांतील मातीमधले कॅल्शियम घटले आणि गोगलगायी कमी झाल्या. त्या जंगलांतील ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याची अंडी पातळ कवचाची निघू लागली, फुटू लागली. पक्षिणींना कॅल्शियम मिळत होते ते गोगलगायींच्या शंखांतून, हे संशोधकांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. त्यांनी शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे जंगलात ठेवले तेव्हा अंडी पुन्हा सुधारली.

कोणती गोगलगाय?

युरोपीय मानकातील गोगलगाय भारतात आणून वापरणे हा मार्ग धोक्याचा आहे. परकीय गोगलगाय मोकाट सुटली तर काय होते, याचा अनुभव देशाने घेतला आहे. आफ्रिकी महाकाय गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखशास्त्राच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कोलकात्यातील एका बागेत सोडली, अशी नोंद आहे. तेथून ती देशभर पसरली. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत २०२२ च्या खरिपात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि शासनाला मदत जाहीर करावी लागली.

ही आफ्रिकी गोगलगाय जेथे आधीच पसरली आहे तेथे मातीच्या तपासणीसाठी तिचा उपयोग होऊ शकतो. तिच्या जवळच्या नात्यातील मोठ्या गोगलगायी नायजेरियात लोक खातात, त्यामुळे त्यांच्या मांसातील जड धातूंचे अभ्यास तेथे झाले आहेत. मात्र ज्या रानात ती अजून पोहोचलेली नाही तेथे तिला पिंजऱ्यात घालून नेणे म्हणजे रोगाची तपासणी करताना दुसरा रोग पेरण्यासारखे होईल.

उरतात त्या येथल्याच गोगलगायी. पश्चिम घाटातून जमिनीवरच्या गोगलगायींच्या सुमारे २७० जातींची नोंद झाली आहे आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. एरिओफँटा प्रजातीतील काही जातींचा शंख डावीकडे वळलेला असतो, तर जगातील बहुसंख्य गोगलगायींचा तो उजवीकडे वळतो. अशा वैशिष्ट्यपूर्ण आणि मर्यादित क्षेत्रातील जाती चाचणीसाठी रानातून वेचणे योग्य ठरणार नाही. मॅक्रोक्लॅमिस इंडिका ही देशभर बागांत आणि शेतांत आढळणारी, चकचकीत पातळ शंखाची लहान गोगलगाय त्या मानाने सोयीची ठरू शकते. तिचा आकार युरोपीय गोगलगायीपेक्षा लहान असल्याने प्रत्येक नमुन्यासाठी अधिक संख्या लागेल, एवढेच.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

मावळात गोगलगायी खऱ्या अर्थाने सक्रिय असतात त्या जून ते सप्टेंबर या काळात. उरलेले महिने त्या जमिनीच्या भेगांत, दगडांखाली किंवा सालीआड शंखाचे तोंड बंद करून पडून राहतात. त्या काळात त्या खात नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यातील प्रदूषणाची नोंद लगेच होत नाही. शेतातील पिंजऱ्याची पद्धत येथे पावसाळ्यातच वापरता येईल. २० अंशांचे युरोपीय तापमानही येथील जातींना जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

सर्व धातूंसाठी गोगलगाय सारखीच उपयोगी नसते. कॅडमियम ती साठवून ठेवते. तांबे व जस्त मात्र शरीराला लागत असल्याने त्यांचे प्रमाण ती काही अंशी स्वतःच सांभाळते. पिढ्यान्‌पिढ्या दूषित जागी राहिलेल्या गोगलगायी विषाला काही प्रमाणात सरावतात, तेव्हा त्या धडधाकट दिसल्या म्हणून माती शुद्ध आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. म्हणूनच स्वच्छ ठिकाणी वाढविलेल्या गोगलगायी वापरण्यावर मानकांचा भर असतो. वय, वजन आणि ऋतू यांची नोंद नसेल तर कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही.

पुढचे पाऊल

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. एखादी जागा दूषित आहे की नाही, हे तपासण्याची चौकट त्यातून उपलब्ध झाली. या तपासणीचा कणा रासायनिक मोजणी हाच असला तरी, तिच्या जोडीला सजीवांवरील चाचणी आली तर कोणती जागा आधी स्वच्छ करायची, याचा निर्णय अधिक नेमका होईल.

मावळाच्या दृष्टीने साधने जवळच आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र तालुक्याच्या सीमेपासून थोड्या अंतरावर आकुर्डी येथे आहे. वडगावला भात संशोधन केंद्र आहे. तळेगाव, लोणावळा येथे महाविद्यालये आहेत. पुणे विद्यापीठ आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर आहेत. प्रारंभी लागेल ती एक साधी गोष्ट, ती म्हणजे तुलनेचा पाया. रस्त्यापासून, कारखान्यापासून आणि फवारणीपासून दूर असलेल्या जागेतील गोगलगायीच्या शरीरात कोणता धातू किती असतो, याची काही पावसाळ्यांची सलग नोंद. हा पाया तयार असेल तर उद्या एखाद्या नाल्यात रसायन सोडले गेले किंवा एखाद्या खाचरातील पीक पिवळे पडले तर तुलना करायला आधार राहील. तो नसेल तर प्रदूषण झाल्यावर, आधी काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

चौकट : गोगलगायी दिसल्यास

- गोगलगायी उघड्या हाताने धरू नयेत, हातमोजे वापरावेत. विशेषतः आफ्रिकी महाकाय गोगलगायीच्या अंगात मेंदूज्वरास कारण ठरणारे कृमी असू शकतात. हाताळल्यास हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बागेतील पालेभाज्या नीट धुऊन खाव्यात.

- शेतात किंवा बागेत मीठ टाकू नये. मिठाने गोगलगाय मरते, पण मातीही बिघडते. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी ठेवून, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

- मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरताना कुत्री, मांजरे व गुरे यांपासून त्या दूर ठेवाव्यात. या गोळ्या त्यांना घातक असतात.

- रोपे, कुंड्या किंवा शेणखत एका गावातून दुसऱ्या गावात नेताना त्यांत गोगलगायी वा त्यांची अंडी नाहीत, हे पाहावे.

- रानातील लहान गोगलगायी पिकाचे नुकसान करीत नसतील तर त्यांना मारू नये. त्या पालापाचोळा कुजवून मातीचा कस वाढवितात आणि काजव्यांच्या अळ्यांचे अन्नही त्याच असतात.